किल्ली फिरवली की लागणारा दिवा

गाडी धुवायला नेली तेव्हा ठणठणीत होती. धुऊन झाल्यावर सुरू केली तर थंडीत कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्यासारखी थरथरायला लागली. स्टिअरिंग हाताखाली धडधडत होतं, एक्झॉस्टमधून 'फट्-फट्' असा तुटक आवाज येत होता आणि समोरच्या काचेआड इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा उघडझाप करत होता.

चूक माझीच. मी लॉस एंजेलिसला चिकटून असलेल्या पॅसाडेना गावात राहतो. इथे नाणी टाकून आपली गाडी आपणच धुवायची अशी सेंटरं असतात. आपल्याकडच्या सर्व्हिसिंगवाल्याकडे असते तशीच पाण्याची प्रेशरची नळी, फक्त ती धरायला माणूस नाही, आपणच धरायची. माझी गाडी २०१२ची, सेकंडहँड, दोन सीटची, छप्पर मागे टाकता येणारी स्पोर्ट्‌स कार. अशा गाडीचं बॉनेट उघडून उभं राहण्यात एक वेगळाच माज असतो. त्या माजात मी थेट इंजिनावर फवारा मारला.

इंजिन बंद केलं, बॉनेट उघडं ठेवून अर्धा तास उन्हात थांबलो, पुन्हा सुरू केलं. थरथर बरीच कमी झाली. दिव्याची उघडझाप थांबली, पण दिवा विझला मात्र नाही. आता तो स्थिर जळत होता. तशीच हळूहळू गाडी घरी आणली.

आता माझा जीव वरखाली व्हायचं खरं कारण सांगतो. कॅलिफोर्नियात जुन्या गाडीचं रजिस्ट्रेशन चालू ठेवायला साधारणपणे दर दोन वर्षांनी 'स्मॉग चेक' करून घ्यावा लागतो. माझी तारीख तीन आठवड्यांवर आली होती. आणि तो पिवळा दिवा जळत असला तर गाडी सरळ नापास.

फोनवर आलेलं उत्तर

माझ्याकडे काडेपेटीएवढा एक ब्लूटूथ अडॅप्टर आहे. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात तो खोचला की फोनवरून गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलता येतं. ऑफिसात दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणाऱ्या माझ्यासारख्याला हे घरच्यासारखंच वाटतं. '०३' असा प्रश्न पाठवायचा. म्हणजे, 'तुझ्याकडे नोंदलेल्या तक्रारी सांग.' उत्तर आलं: '४३ ०१ ०३ ०३'.

'४३' म्हणजे तुझ्या '०३' प्रश्नाचं हे उत्तर. '०१' म्हणजे तक्रार एकच आहे. उरलेले आकडे म्हणजे तक्रारीचा नंबर, जो मेकॅनिकच्या भाषेत 'पी-०३०३' असा वाचतात. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं. पुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना समान आहे. नंतरचा तीन म्हणजे इग्निशन आणि मिसफायरचा गट. आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे तिसरा सिलिंडर. एकूण अर्थ असा की तिसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जातंय, पण पेटत नाहीये.

शिवाय तक्रार नोंदली त्या क्षणाचा एक 'फोटो'ही कॉम्प्युटरने काढून ठेवला होता. वेग शून्य, इंजिनाचे मिनिटाला ७४० फेरे, कूलंटचं तापमान ६८ अंश. म्हणजे गाडी जागेवर उभी, इंजिन नुकतंच सुरू झालेलं. धुण्याच्या जागेवरचाच तो क्षण.

त्याच ॲपवर खाली एक लाल बटण होतं: 'कोड पुसा'. दाबलं की दिवा विझतो. पाणी सुकलं होतं, गाडी बरी चालत होती. बोट बटणापर्यंत गेलंही होतं. दाबण्याआधी म्हटलं, हा दिवा मुळात गाडीत आला कुठून ते तरी बघू. शोधत गेलो आणि माझ्या घरापासून काही मैलांवर येऊन पोचलो.

अननस आणि धूर

२६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. त्या दिवशी लॉस एंजेलिसवर तपकिरी धुराची चादर पसरली. लोकांचे डोळे झोंबू लागले, घसे खवखवू लागले, दोन-तीन चौकांपलीकडचं दिसेना. जपानने रासायनिक हल्ला केला असं काहींना वाटलं. मग संशय शहरातल्या कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन बनवणाऱ्या कारखान्यावर गेला. कारखाना काही काळ बंद ठेवला, तरी धूर काही हटेना. पुढे रिफायनऱ्या, लोकांनी परसात कचरा जाळायला बांधलेल्या भट्ट्या अशी एकेकाची पाळी आली. १९४७मध्ये हवेच्या प्रदूषणासाठी जिल्हा पातळीवरचं खास खातंही निघालं. पण लंडनमधल्यासारखा कोळशाचा धूर इथे नव्हताच. मग हे काय होतं?

उत्तर सापडलं ते पॅसाडेनातल्या कॅलटेकमध्ये. आरी हागेन-स्मिट हा मूळचा नेदरलँड्सचा रसायनशास्त्रज्ञ तिथे अननसाच्या वासावर काम करत होता. अननसाच्या वासातले घटक पकडायला त्याने हवा अतिशय थंड करून तिच्यातले पदार्थ थेंबांच्या रूपात वेगळे काढायची सोय केली होती. त्याच पद्धतीने त्याने बाहेरची धुरकट हवा तपासली. हाती आले घाण वासाचे तपकिरी थेंब. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने सगळी साखळी मांडली. गाड्यांमधून आणि रिफायनऱ्यांमधून न जळलेलं इंधन, म्हणजे हायड्रोकार्बन, हवेत जातं. त्याला नायट्रोजनचे ऑक्साइड भेटतात. वर कॅलिफोर्नियाचं कडक ऊन असतं. या तिघांच्या क्रियेतून जमिनीलगत ओझोन तयार होतो. डोळे झोंबायचे ते या सगळ्या घाणीमुळे.

तेल कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या संशोधकांनी त्याच्या निष्कर्षावर शंका घेतली. वासांच्या अभ्यासाकडे परतायचा त्याचा विचार होता, पण या टीकेने तो डिवचला गेला आणि उरलेलं आयुष्य धुराच्याच मागे लागला. ओझोन मोजायची त्याची एक पद्धत मला फार आवडली. वाकवून ताणलेली रबराची पट्टी हवेत ठेवायची. ओझोन ताणलेलं रबर खातो आणि त्याला भेगा पाडतो. किती वेळात भेगा पडल्या यावरून हवेतल्या ओझोनचा अंदाज घ्यायचा. रबराच्या त्या पट्टीचा माझ्या गाडीशी काय संबंध, ते पुढे येईलच.

नियमामागून नियम

धूर गाड्यांतूनच येतोय हे मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. १९६६च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियाने गाडीच्या धुरावर मर्यादा घातली. अमेरिकेतली ही पहिलीच. १९६७मध्ये राज्याने 'एअर रिसोर्सेस बोर्ड' स्थापन करायचा कायदा केला. त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, आणि बोर्डाचा पहिला अध्यक्ष झाला अननसवाला हागेन-स्मिट.

१९७०च्या 'क्लीन एअर ॲक्ट'ने देशभरच्या गाडी-कंपन्यांना सांगितलं की धुरातले मुख्य घातक घटक सुमारे ९० टक्क्यांनी कमी करा. कंपन्यांनी अशक्य अशक्य म्हणत हात वर केले. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, पण १९७५च्या मॉडेलांपासून बहुतेक अमेरिकन गाड्यांत 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर' आला. एक्झॉस्टच्या वाटेवर बसवलेला डबा, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, जाळीवर प्लॅटिनमसारख्या धातूंचा मुलामा. न जळलेलं इंधन त्यावर येऊन जळतं. शिसं मिसळलेलं पेट्रोल या मुलाम्याला मारतं, म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आलं. आपल्याकडे देशभर फक्त बिनशिशाचं पेट्रोल मिळायला २००० साल उजाडलं.

पुढच्या पिढीच्या कन्व्हर्टरला मात्र फार नखरे होते. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण वजनाने साधारण १४.७ ला १ असेल तरच तो तिन्ही घातक घटक एकदम आवरतो. थोडं इकडेतिकडे झालं की एक बाजू बिघडते. इतकं काटेकोर प्रमाण साध्या कार्ब्युरेटरला कसं राखता येणार? मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला. बॉशचा हा सेन्सर १९७६मध्ये कॅलिफोर्नियासाठीच्या व्होल्वो गाड्यांत पहिल्यांदा बसला. सेन्सर आला की त्याचं ऐकून निर्णय घेणारा कोणीतरी हवा. तो म्हणजे कॉम्प्युटर. गाडीत कॉम्प्युटर शिरला तो गाणी लावायला नव्हे, धूर आवरायला.

आता कॉम्प्युटर बिघडला तर ड्रायव्हरला कळणार कसं? म्हणून दिवा. तसे इशाऱ्याचे दिवे जुनेच. १९३०च्या दशकात हडसन कंपनीने काट्यांच्या मीटरऐवजी ऑइलच्या दाबासाठी दिवे बसवले होते आणि अमेरिकन मेकॅनिक त्यांना 'मूर्खांचे दिवे' म्हणत. काटा वाचायची अक्कल नसलेल्यांसाठी, असा टोमणा. पण १९८१मध्ये जनरल मोटर्सने आपल्या जवळजवळ सगळ्या अमेरिकन पेट्रोल गाड्यांत कॉम्प्युटर आणि 'चेक इंजिन' दिवा दिला, तो दिवा चक्क बोलका होता. डॅशबोर्डखालच्या सॉकेटच्या दोन पिना कागदाच्या क्लिपने जोडायच्या आणि दिव्याकडे बघत बसायचं. एकदा लुकलुकला, थांबला, मग दोनदा लुकलुकला तर कोड बारा. इंजिन बंद असताना बारा आला म्हणजे कॉम्प्युटर जागा आहे. मग पुढचे कोड मोजायचे. कागद-पेन्सिल घेऊन दिव्याची उघडझाप टिपणारे ते मेकॅनिक डोळ्यांसमोर आणले आणि मला माझ्या ब्लूटूथची जरा लाज वाटली.

अडचण अशी की प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, कोड वेगळे. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने किती यंत्रं विकत घ्यायची? शिवाय त्या दिव्याला वायर तुटली एवढंच कळे, धूर वाढला का ते कळत नसे. कॅलिफोर्नियाच्या बोर्डाने १९८८च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी असा पहिला नियम लागू केला. तो अपुरा पडला म्हणून १९८९मध्ये दुसरा, कडक नियम मंजूर केला आणि १९९६पासून तो अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारना लागू झाला. हाच 'ओबीडी-टू'. सगळ्यांना एकच सॉकेट, एकच कोड. आणि दिवा कधी लावायचा याचं मापही ठरलं: बिघाडामुळे धूर ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होईल तेव्हा. युरोपात पेट्रोल गाड्यांना असा नियम २००१पासून आला. भारतात बीएस-फोरच्या जोडीने २०१०पासून पहिला टप्पा आणि २०१३पासून दुसरा. तुमच्या घरची गाडी त्यानंतरची असेल तर स्टिअरिंगखाली वाकून बघा. सोळा पिनांचं सॉकेट तिथेही सापडेल.

म्हणजे तो पिवळा दिवा मुळात ड्रायव्हरसाठी नाहीच. तो रस्त्यावरच्या इतरांसाठी आहे. मिसफायर झालेल्या सिलिंडरमधलं कच्चं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो डबा तापून आतून वितळू शकतो. म्हणून मिसफायर तेवढा जोरात असेल तर दिवा नुसता जळत नाही, उघडझाप करतो. अर्थ एकच: जोर देऊ नको, थांब.

मामाचा फोन

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मामाचं गॅरेज आहे. मी इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर घेतला तेव्हा मामा म्हणाले होते, "आता ह्यो स्पॅनर न्हाई धरायचा." पण अजूनही गाडीचं काही झालं की माझा पहिला फोन त्यांनाच जातो. इथली रात्र म्हणजे तिथली सकाळ. मामा गॅरेज उघडत होते. मागे शटर वर गेल्याचा आवाज आला.

मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "मामा, पाणी सुकलंय. गाडी ठीक चालतीय. कोड पुसून टाकतो आणि स्मॉगला नेतो."

"पाणी सुकलं म्हंजे दोष सुकला व्हय रं?"

मी गप्प.

"आरं, इंजिनावर पाणी पडनार न्हाई तर काय? पावसात गाड्या चालत न्हाईत काय? पानी आत शिरलंच कुठनं ते बघ आधी."

मग जरा थांबून त्यांनी एक गोष्ट सांगितली. मी जन्मायच्या आधीची. एका गिऱ्हाइकाला जुनी गाडी विकायची होती. इंजिन स्लोवर आलं की ऑइलचा दिवा मिणमिणायचा. बेअरिंगं झिजली होती. काम मोठं होतं. गिऱ्हाईक म्हणालं, दिव्याची वायर तेवढी काढा. मामा तेव्हा नवीन होते, दुकानाचं भाडं थकलं होतं. त्यांनी वायर काढली. गाडी घेतली एका प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी, पतसंस्थेचं कर्ज काढून. दोन महिन्यांत गगनबावड्याच्या घाटात इंजिन जाम झालं. गाडी ओढून आणली ती मामांच्याच दारात, कारण विकणाऱ्याने 'सगळं काम यांच्याकडेच केलंय' असं भरवशाने सांगितलं होतं.

"मी इंजान सगळं बांधून दिलं. मजुरी घेतली न्हाई, नुस्तं सामानाचं पैसं घेतलं. गुर्जी पाया पडायला लागलं माज्या." मामांचा आवाज उतरला. "खरं काय ते सांगितलं न्हाई म्या. आज सांगू, उद्या सांगू, ऱ्हाऊनच गेलं."

त्या दिवसापासून मामांची एक सवय आहे. कुठलीही गाडी हातात आली की आधी किल्ली अर्धी फिरवून बघायची. इंजिन सुरू व्हायच्या आधी सगळे दिवे लागले पाहिजेत. "जळतोय त्यो दिवा वाईट न्हाई. किल्ली फिरवल्यावर लागतच न्हाई, त्येला भ्यायचं."

स्प्रेची बाटली

मामांच्या काळी स्पार्कची गळती शोधायची युक्ती सोपी होती. रात्री दिवे घालवायचे, इंजिन चालू ठेवून प्लगच्या केबलींवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा. जिथून करंट गळतो तिथे अंधारात निळ्या ठिणग्या नाचतात. माझ्या गाडीत केबली नाहीत. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते. ती बॅटरीच्या बारा व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट करते. प्लग खोल खड्ड्यात बसलेला, त्यामुळे ठिणगी दिसणार नाही. पण पुरावा मिळवायची दुसरी वाट आहे आणि ती आम्ही कोड डीबग करताना रोज वापरतो: संशयिताची जागा बदला आणि तक्रार त्याच्यामागे जाते का ते बघा.

कॉम्प्युटरला मिसफायर कसा कळतो हेही इथे सांगायला हवं, कारण ते वाचून मी थक्क झालो. आत डोळे किंवा कान नसतात. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला एक धक्का मिळतो आणि तो क्षणभर किंचित वेग घेतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल तर असे १६०० धक्के. क्रँकवरचा सेन्सर चाकाचे दात मोजतो, आणि एखाद्या वेळी धक्का आला नाही तर पुढचा दात किंचित उशिरा पोचतो. सेकंदाच्या बारीकशा तुकड्याच्या या उशिरावरून कॉम्प्युटर सांगतो की तिसऱ्याने काम केलं नाही. वर्गात हजेरी घेणारे सर पाठ फळ्याकडे असतानाही कोण गप्प आहे ते ओळखतात, तसं.

रविवारी, इंजिन थंड असताना आणि बंद करून, तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर बसवली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. सुरू केलं. सुरळीत. मग इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीने लांबूनच पहिल्या कॉइलच्या तोंडाशी थोडंसं पाणी फवारलं. अर्ध्या मिनिटात तीच थरथर, तीच 'फट्-फट्'. फोनवर प्रलंबित कोड आला: पी-०३०१. पहिला सिलिंडर! तक्रार कॉइलच्या मागे गेली होती.

इंजिन बंद करून ती कॉइल उपसली. तिच्या खाली प्लगला घट्ट धरणारी रबरी नळी असते. नळी वाकवली तशी केसाएवढी भेग उघडली, आणि भेगेवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ. कोरडं असताना वीज निमूटपणे प्लगपर्यंत जात होती. ओलं झालं की तिला या भेगेतून बाजूच्या धातूत पळायची सोपी वाट मिळत होती. पाण्याने काही बिघडवलं नव्हतं. बिघाड आधीपासून होता, पाण्याने फक्त तो दाखवला.

आणि मला हागेन-स्मिटच्या रबराच्या पट्ट्या आठवल्या. उच्च दाबाच्या विजेभोवतीही थोडा ओझोन तयार होतो. माझ्या कॉइलचं रबर उष्णतेने फाटलं, वयाने की ओझोनने, ते सांगता येणार नाही. पण त्याने ज्या गावात रबराच्या भेगा मोजून धुराचा छडा लावला, त्याच गावात मी हातात भेगाळलेलं रबर घेऊन उभा होतो.

दिवा न लावणारे इंजिनिअर

नवी कॉइल बसवली. मग पुन्हा तेच लाल बटण. आता तर दोष खरंच गेला होता, मग पुसायला काय हरकत?

हरकत अशी की कोड पुसला की गाडीची स्वतःबद्दलची सगळी तपासणीही पुसली जाते. मग ती पुन्हा अनेक दिवस चालवून एकेक चाचणी पुरी होऊ द्यावी लागते. चाचण्या अपुऱ्या असताना स्मॉग सेंटरला गेलात तर परत पाठवतात. शिवाय २०१०च्या आसपासपासूनच्या गाड्यांत एक कायमची नोंद असते, जी कुठल्याच बटणाने पुसत नाही. दोष गेला आहे याची गाडीची स्वतःची खात्री पटली की तीच ती काढते. कॅलिफोर्निया २०१९पासून तीही तपासतो.

एवढी खबरदारी का? कारण २०००नंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये इथे आता नळी घालत नाहीत. आपल्या पीयूसी केंद्रावर घालतात तशी नाही. २०१५पासून इथे फक्त सॉकेटला वायर जोडतात आणि गाडीलाच विचारतात: तू ठीक आहेस का? गाडी जे सांगेल ते प्रमाण. म्हणजे सगळी यंत्रणा सॉफ्टवेअरच्या खरेपणावर उभी आहे.

आणि तेच सॉफ्टवेअर खोटं बोलू शकतं. त्याच २०१५च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनला नोटीस दिली. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने डिझेल गाड्यांच्या मागे मोजणी यंत्रं बांधून त्या खऱ्या रस्त्यांवर चालवल्या होत्या. त्या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे दोन भारतीयही होते. प्रयोगशाळेत स्वच्छ ठरलेल्या गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या कित्येक पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. खात्याच्या म्हणण्यानुसार काही वेळा चाळीस पटींपर्यंत. गाडीतलं सॉफ्टवेअर स्टिअरिंगची स्थिती, वेग अशा गोष्टींवरून चाचणी चालू आहे का ते ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं सभ्य वागायचं. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. त्यांचा धूर दीडपटीच्या कितीतरी पुढे गेला होता, आणि पिवळा दिवा मात्र विझलेला.

२०१७मध्ये या प्रकरणात जेम्स लियांग या इंजिनिअरला ४० महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्यावरचं वाचताना मला दरदरून घाम फुटला नाही, पण पोटात काहीतरी हललं. कारण तो काही खलनायक वाटत नव्हता. मुदत गाठायची होती, वरून आदेश होता, आणि काम 'जमवून' आणायचं होतं. असली मीटिंग मला ओळखीची आहे.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या टीमच्या सिस्टिममध्ये रोज पहाटे एक अलार्म वाजायचा आणि काही मिनिटांत आपोआप शांत व्हायचा. ऑन-कॉल मी होतो. तीन रात्री झोपमोड झाल्यावर मी अलार्मची मर्यादा वाढवली. शेऱ्यात लिहिलं, 'निरर्थक गोंगाट'. मॅनेजरने अंगठा दाखवला. सगळे खूश. पाणी सुकलं होतं.

सोमवारी ऑफिसात मी ती मर्यादा होती तिथे आणली. मंगळवारी पहाटे अलार्म वाजला आणि या वेळी मी उठून बघितलं. रोज त्या काही मिनिटांत मूठभर ग्राहकांच्या नोंदी गळून पडत होत्या. दोन महिने. प्रत्येकाला कळवावं लागणार होतं. ते मीच लिहिलं आणि मर्यादा कोणी वाढवली होती तेही त्यात लिहिलं. मीटिंग फारशी सुखाची झाली नाही. पण मामांसारखं 'ऱ्हाऊनच गेलं' असं मला तीस वर्षांनी म्हणायचं नव्हतं.

गाडीचा कोड मी पुसला नाही. रोज ऑफिसला नेत राहिलो. थोडं हायवेवर, थोडं सिग्नलच्या गर्दीत, तिला हव्या त्या सगळ्या चाचण्या होऊ दिल्या. पाचव्या दिवशी दिवा आपणहून विझला. कायमची नोंद आणखी काही दिवसांनी गेली. स्मॉग चेकला पोचलो तेव्हा मुदतीला दोन दिवस उरले होते.

तिथल्या माणसाने सीटवर बसून पहिलं काम काय केलं असेल? किल्ली अर्धी फिरवली, इंजिन सुरू न करता, आणि खाली वाकून बघितलं. पिवळा दिवा लागला होता. त्याने मान हलवली, पुढची किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं आणि दिवा विझला.

रात्री मामांना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, "शाना हाय त्यो."